कॅसेटच्या शेपटातला आवाज

रंग्या, तुझ्या रक्षाविसर्जनाहून आम्ही परत आलो, दारात पाय धुतले आणि मी कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलो, तर शालनवहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, चहाचं विचारतील. त्या म्हणाल्या, "भावजी, ह्यांचा आवाज असंल की तुमच्याकडं कुठंतरी. मला तेवढी सीडी करून द्या."

मी "बघतो" म्हणालो. गिऱ्हाइकाला आयुष्यभर हेच सांगत आलो, ते तोंडातून आपोआप निघालं.

वहिनींचा पदर धरून ईश्वरी उभी होती. तुझी नात सहा वर्षांची झाली, रंग्या, आणि तिनं तुला बोलताना कधी ऐकलंच नाही. ती जन्मायच्या आधीच डॉक्टरांनी तुझा आवाज काढून घेतला होता. तिच्या लेखी आजोबा म्हणजे गळ्याला मफलर आणि हातात पाटी. "आजोबा कसं बोलायचे?" असं ती कधीपासून विचारतेय म्हणे. वहिनींनी तुझी नक्कल करून दाखवली, तुझ्या पोरीनं करून दाखवली, पण तिचं समाधान होईना. तिला खरा आवाज पाहिजे.

तुझा मोबाइल सगळ्यांनी आधीच उलटापालटा करून बघितला होता. त्यात काय मिळणार? ऑपरेशन होईपर्यंत तू ते बटणांचं डबडं वापरलंस. नवीन घे म्हटलं की म्हणायचास, "ह्यात बोलायचं असतंय, साठवायचं नसतंय." मग उरलो मी. तीस वर्षं तू लग्नांचं शूटिंग केलंस आणि मी मिक्सिंग. एवढ्या कॅसेटींत तुझा आवाज नसेल असं कुणाला वाटेल? एक मी सोडून कुणालाच नाही. कारण तुझा आवाज काढून टाकणं हेच माझं काम होतं.

त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला चोरी पकडल्यासारखं झालं. चहा आला तो मी घेतला नाही. वहिनींना वाटलं, तुझ्या दुःखानं. ते तर होतंच, पण फक्त तेवढंच नव्हतं.

गप्प बसून शूटिंग करणं तुला कधी जमलंच नाही. कॅमेरा खांद्यावर आला की तुझं तोंड सुरू. "पावणं, मुंडी बाजूला घ्या की, नवरी दिसंना." "मामा, अक्षता टाका, फेकू नगासा, भिंगावर येत्यात." "मावशी, घास गिळा आन् मग हसा." लोक चिडायचे नाहीत, उलट तुझ्याकडे बघून हसायचे, आणि प्रत्येक लग्नात सगळे पाहुणे खरे हसलेले तुला मिळायचे. आणि मधेमधे माझ्यासाठी निरोप. मी राजारामपुरीत दुकानात, तू कुठं कुरुंदवाडच्या मांडवात, पण तू माईकमधून माझ्याशी असा बोलायचास जसा मी त्या कॅसेटच्या आतच बसलोय. "दत्त्या, ही करवली बघ, हिला टायटलात घे." "दत्त्या, ह्यो पावणा ढोसून आलाय, ह्येला काप." दुसऱ्या दिवशी मी कानाला हेडफोन लावून ते सगळं ऐकायचो, एकटाच हसायचो, आणि मग तुझ्यावर सनई लावायचो. सनई संपली की गाणी. हळदीची ठरलेली, जेवणावळीची ठरलेली, आणि पाठवणीला ते एक रडकं गाणं, जे मी जिल्ह्यातल्या किती पोरींना लावलं असेल याचा पत्ता नाही.

यावरून आपण भांडलो नाही असा सीझन गेला नाही.

"अरे मर्दा, गाणी बाजारात बी मिळत्यात," तू म्हणायचास. "ह्या म्हातारीचा आवाज कुठं मिळणार हाय?"

"म्हातारी काय म्हणतीया ते तरी ऐक. 'भात संपला' म्हणतीया. कोण ऐकणार हाय ते?"

"तिची पोरं आईकतील."

"तिची पोरं कॅसेट परत आणून माझ्या टेबलावर आदळतील. म्हणतील, गाणी कुठं हायत?"

आणि तसंच होतं, रंग्या. मेला आहेस म्हणून मी आता तुझी बाजू बरोबर होती असं एकदम म्हणणार नाही. लोकांना गाणीच पाहिजे होती. एकदा तुझ्या हट्टापायी एका लग्नात मी सगळा आवाज तसाच ठेवला, तर नवऱ्याचा बाप दुकानात येऊन म्हणाला, "ह्ये काय लगीन हाय का बाजार?" मी तुझ्याकडे बघितलं. तू मावा चोळत छताकडे बघत होतास. त्यानंतर मी तुला विचारायचंच सोडून दिलं.

मला या धंद्यात तूच आणलंस, हे मात्र मी कुठल्याही भांडणात विसरलो नाही. मी बापाच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करत बसलो होतो, तेही कुणी आणेनासं झालं होतं. तू एम-एटीवरून आलास आणि म्हणालास, "चल. तुझं कान चांगलं हायत, मला कान पायजे." माझ्यात काही चांगलं आहे असं तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्या कानांनी मी काय केलं बघ.

मग कॅसेटी गेल्या. शूटिंगची कामं नव्या पोरांकडे गेली, आणि तू स्वतःच्या हातानं पाटी रंगवून दुकानावर लावलीस, 'जुन्या कॅसेटची सीडी करून मिळेल'. आपणच दिलेल्या कॅसेटी एकेक करून आपल्याकडे परत येऊ लागल्या. बुरशी धरलेल्या, कपाटाच्या तळातल्या, एखादीत झुरळाची अंडी. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. तू शेजारी बसून ते सगळं परत बघायचास. "ही म्हातारी गेली." "ह्येचा काडीमोड झाला." "ह्यो बघ, तवा केस होतं ह्येला." असा बोलत असायचास, आणि पडद्यावर माझी गाणी चालू असायची.

त्यातच तुझ्या घशातली गाठ निघाली. माव्यानं हे होणार असं मी तुला सांगितलं होतं, पण पुडीतला अर्धा मीही खात होतो, तेव्हा ते सांगणं कितपत खरं होतं देव जाणे. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी तू दुकानात आलास. गळ्याला मफलर, हातात शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी. खुर्चीत बसलास, पेन्सिल काढलीस, सावकाश लिहिलंस आणि माझ्यासमोर धरलंस. 'आता तुझं काम सोपं झालं. कापायला काय न्हाय.'

तू हसत होतास. आवाज नव्हता, खांदे तेवढे हलत होते, त्यातला उजवा कॅमेऱ्यानं कायमचा खाली गेलेला. मीही हसलो. मग मागच्या मोरीत गेलो आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो. तू टेबलावरची बेल वाजवून मला बाहेर बोलावलंस, कारण गिऱ्हाईक आलं होतं.

चंदगडहून आलेली ती बाई तुला आठवत असेल. सकाळच्या एसटीनं आली होती, कॅसेट टॉवेलमध्ये आणि टॉवेल पिशवीत. महिन्यापूर्वी तिचे वडील वारले होते. पाठवणीच्या वेळी ते तिला काहीतरी म्हणाले होते, त्या गडबडीत तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं, आणि ते काय होतं तेवढं तिला ऐकायचं होतं. मी कॅसेट लावली. चित्र चांगलं होतं. तुझंच काम, चांगलंच असणार. वडील गाडीच्या काचेपाशी वाकलेले, ओठ हलतायत, आणि वर माझं रडकं गाणं.

"आवाज वाढवा की जरा," ती म्हणाली. मी वाढवला. गाणं वाढलं.

"गाणं बारीक करा आन् मागचा आवाज मोठा करा."

मी तिला समजावून सांगितलं की मागं आवाज नसतो. एकदा गाणं चढवलं की खालचं पुसलं जातं. तिला ते पटेना. तिला वाटलं, मला जमत नाही. म्हणून ती तुझ्याकडे वळली, थोरला मालक समजून. "तुम्ही तरी बघा की, दादा."

तू पाटी घेतलीस. त्यावर काहीतरी लिहिलंस. आणि कुणाला दाखवायच्या आत बाहीनं पुसून टाकलंस. तिला आपण सीडी करून दिली, ती गाण्यासकट घेऊन गेली. नंतर मी तुला दोनदा विचारलं, काय लिहिलं होतंस म्हणून. तू मान हलवलीस आणि रस्त्याकडे बघत बसलास. रंग्या, तू मला शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. ते काय लिहिलं होतंस ते आता मला कधीच कळणार नाही. आणि मी तुला तेव्हा एवढंही म्हणालो नाही की, चुकलं माझं. सात वर्षं रोज समोर बसत होतास. रोज एक दिवस मिळत होता.

तर, वहिनींना 'बघतो' म्हणून मी दुकानात आलो आणि माळ्यावर चढलो. या वयात चढू नये असा तो माळा आहे. तिथं एका खोक्यात अकरा कॅसेटी निघाल्या, तुझ्या कॅमेऱ्यात फिरलेल्या, मुळात गाणी न चढवलेल्या, आपण रॉ म्हणायचो त्या. बाकीच्या मी कधीच भंगारात घातल्या होत्या. पण त्या अकराही रॉ राहिल्या नव्हत्या. गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून मी त्यांच्यावर मिक्स केलेल्या लग्नांचे नमुने उतरवून ठेवले होते. म्हणजे तिथंही तुझ्यावर गाणीच.

पण नमुना दोन तासांचा असायचा आणि कॅसेट तीन तासांची. नवीन जिथं संपतं तिथं पडद्यावर मुंग्या येतात, आणि मुंग्यांनंतर कधीकधी जुन्याचं उरलेलं शेपूट लागतं. हे आपल्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. त्याला आपण घाण म्हणायचो. त्या घाणीवर आता माझी सगळी भिस्त होती.

बाराव्याला आठ दिवस होते. शटर अर्धं ओढून मी रोज सकाळी दहाला बसायचो. कॅसेट उघडायची, बुरशी मऊ कापडानं पुसायची, फीत हातानं फिरवून बघायची, मग लावायची. एक तुटली, ती चिकटपट्टीनं जोडली. पहिल्या दोन्हींच्या शेपटात काहीच नव्हतं. तिसरीत होतं, पण पाठवणी होती. चौथीतही पाठवणी. शेपटात दुसरं काय असणार, लग्न पाठवणीनंच संपतं. सलग पाच दिवस मी ओळखपाळख नसलेल्या पोरींना सासरी जाताना बघत होतो, आणि पहिल्यांदाच त्यांच्या रडण्यासकट बघत होतो. बायका हुंदके देतायत, गाडी सुरू होत नाहीये, कुणीतरी "नारळ ठिवला का चाकाखाली?" म्हणून ओरडतंय. मीच हे सगळं पूर्वी एकदा ऐकलं असणार. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

आणि तू नव्हतास. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पाठवणीत तू कधी बोलायचा नाहीस. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, आणि पोरगी दारात वाकली की गप्प. एका कॅसेटमध्ये तुझा खोकला सापडला. मी तो मागं घेऊन घेऊन ऐकला. सातवीत तू नाक ओढल्याचा आवाज होता, म्हणजे तूही रडत होतास, कॅमेरा न हलवता. वहिनींना खोकला आणि नाक ओढणं यांची सीडी द्यावी लागणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

दहावी कॅसेट. कुरुंदवाडकडचं लग्न. मुंग्या गेल्या आणि एक आडदांड माणूस दिसला, फेट्यातला, नवरीचा बाप. अंगणाच्या मधोमध उभा राहून तो लहान पोरासारखा मोठ्यानं रडत होता, आणि त्याला धरायला कुणी पुढं होत नव्हतं. (ती नवरी म्हणजे चंदगडची बाई नव्हे. ती असती तर मी तिला शोधून काढलं असतं.) तू कॅमेरा त्याच्यावर तसाच ठेवला होतास. आणि मग अगदी जवळून, माझ्या कानात, तू बोललास.

"दत्त्या, ह्येचं रडणं ठेव. ह्येच्यावर गाणं घालू नगंस. आईकतोयस न्हवं?"

थोडा वेळ नुसता तो माणूस रडतोय.

"तू ठेवणार न्हाईस, म्हाईत हाय मला. चल, बंद करतो."

आणि मुंग्या.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बाहेर शेजारचा शिकवणीचा क्लास सुटला होता, पोरं सायकली काढत होती, सकाळचे साडेअकरा वाजले होते. हे सगळं मला ठळक आठवतंय, कारण त्यानंतर मी काय केलं ते मला सांगायचंय. मी तेवढा तुकडा कॉम्प्युटरवर घेतला. आणि माझा हात सवयीनं शेवटच्या वाक्यावर गेला. 'तू ठेवणार न्हाईस' हे तेवढं कापलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पुढं तो माणूस रडतोय तिथंच संपवलं असतं. तुझा आवाज वहिनींना मिळाला असता, पोरीला मिळाला असता आणि माझी अब्रू राहिली असती. माझ्याइतकं बेमालूम काम जिल्ह्यात कुणाला येत नाही, हे तूच चारचौघांत सांगायचास.

मी हात काढून घेतला, रंग्या. त्याचं श्रेय मला देऊ नकोस. तू मला एवढं ओळखून बसला होतास, त्याची लाज वाटली म्हणून काढला. सीडी केली. खोकलाही घातला. वर मार्करनं काय लिहायचं ते सुचेना, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी लिहायची सवय. शेवटी 'रंगराव' एवढंच लिहिलं.

बाराव्याच्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी ती वहिनींच्या हातात दिली. त्यांनी प्लेअरवरचा विणलेला रुमाल काढला, घडी करून बाजूला ठेवला. ईश्वरी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. तिच्या मांडीवर तुझी पाटी होती, तिच्यावर तिनं मांजर काढलं होतं.

खोकला आला तेव्हा वहिनींनी तोंडाला पदर लावला. मग तो फेटेवाला आला, आणि तू बोललास. तुझा आवाज त्या खोलीत सात वर्षांनी आला. पोरगी वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागली, तू तिथून बोलतोयस असं वाटून.

संपल्यावर ईश्वरीनं पाटी मांडीवरून खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "दत्त्या कोण?"

"मी," म्हणालो.

"मग तुम्ही ठेवलं का?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, मिक्सिंगवाल्याच्या मित्राशी संसार केलेली बाई ती. मी 'ठेवलं' म्हणालो असतो तर त्यांनी ते चालवून घेतलं असतं.

"न्हाई ठेवलं, बाळ," मी म्हणालो. "त्यानं कायम सांगितलं, आन् मी कायम पुसलं. एवढं चुकून राहिलं."

तुला म्हणायचं राहून गेलं ते मी तुझ्या नातीला म्हणालो. तिनं जरा विचार केला.

"बरं झालं की मग, चुकला ते."

वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भावजी, परत लावा."

मी परत लावलं. तो माणूस परत रडला, तू मला परत तेच सांगितलंस, आणि मी ठेवणार नाही हे तुला परत माहीत होतं.